बंदुकीचं कुलूप: जांभ्याच्या घरात कुठलं टिकतं आणि कुठलं नुसतं लटकतं

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत परवान्याची बंदूक बहुधा शेतीच्या नावावर असते. वानर, माकडं, रानडुकरं, दोडामार्गाकडे गवेसुद्धा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरतात ती) वेगळा उल्लेख आहे, आणि ठासणी पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. म्हणून गावात दिसतात त्या दोनच: ठासणी किंवा काडतुसांची बाराबोर. ठेवायच्या जागाही ठरलेल्या. माजघरातली खुंटी, पोटमाळा, नाहीतर लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे. त्या तिन्ही जागा घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात.

बाजारात मिळणारी आणि गावात करून घेता येणारी कुलपं इथे एकाच कसोटीवर पारखली आहेत. घरातल्या चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलाला रागाच्या, दारूच्या किंवा निराशेच्या दहा मिनिटांत चालू बंदूक हाताशी लागते का? चोराचा विचार नंतर. चोर रात्री एकदा येतो, पोर रोज घरात असतं. दहाच मिनिटं का, तर अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये जीवघेण्या आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वयाच्या लोकांची पाहणी झाली होती, ती २००१ साली छापून आली. त्यांतल्या जवळपास चौथाई लोकांच्या बाबतीत ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. ती पाच मिनिटं कुलपाने खाल्ली पाहिजेत. दुसरा आधार २००५ सालचा, वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि मिसुरी या राज्यांतल्या घरांचा. बंदूक कुलपात असलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळीबार यांचा धोका सुमारे ७३ टक्क्यांनी कमी आढळला, रिकामी ठेवलेल्या घरांत ७० टक्क्यांनी, काडतुसं कुलपात असलेल्या घरांत ६१ टक्क्यांनी. आकडे तिकडचे असले तरी पोरांचा स्वभाव आणि कुलपाचं काम इकडेही तेच.

सुरुवात ट्रिगर लॉकपासून, म्हणजे बंदुकीच्या चापावर बसणाऱ्या कुलपापासून, कारण ऑनलाइन शोधलं की पहिलं तेच समोर येतं आणि कोकणातल्या बंदुकांना सगळ्यांत निरुपयोगी तेच आहे. दोन अर्धुकं चापाच्या कड्यावर दोन्ही बाजूंनी बसवायची, मधली खुंटी चापामागे जाते, किल्ली फिरवली की झालं. एका चापाच्या रायफलीला हे चालतं. दुनळी बाराबोरला मात्र पुढेमागे दोन चाप असतात. खुंटीला जागाच पुरत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर ती पुढच्या चापावर दाबून राहते. बंदूक भरलेली असेल तर कुलूप लावणं हाच अपघात. ठासणीला आणि बाहेर घोडे असलेल्या जुन्या बाराबोरला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. चाप अडकवला तरी घोडा अंगठ्याने मागे ओढून सोडता येतो, आणि दारू पेटवणाऱ्या टोपीवर आपटायला तेवढं पुरतं. पैसे वाचवा.

केबल लॉक त्याहून बरं, पण लांबी पाहून घ्या. तयार मिळणारी बरीचशी केबल पंधरा इंचांची असते. ती पिस्तुलासाठी ठीक. बाराबोरची नळी २८ किंवा ३० इंची, म्हणजे केबल आत घातली की दुसऱ्या टोकाला दिसतच नाही. मग लोक ती चापाच्या कड्यातून ओवतात आणि कुलूप लावलं म्हणून निर्धास्त होतात. बंदूक भरता येते, मिटता येते, झाडताही येते. कुलूप लोंबतं एवढंच. केबल घ्यायची तर ६ मिलिमीटर जाडीची, १.८ मीटर लांबीची. बंदूक मोडून, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली वाकवून, उघडायची, केबल मागून एका नळीत घालून तोंडातून काढायची आणि दुसऱ्या नळीतून परत मागे आणायची. टोकं मागे येतात तिथे कुलूप घातलं की बंदूक मिटतच नाही. एकनळीला तीच केबल बाहेरून परत आणा.

खोट आहे ती पावसाळ्यात. केबलवरचं प्लॅस्टिक एकदा सोललं की आतल्या तारांना खारी हवा लागते आणि नळीच्या आतून तपकिरी ओघळ येतात. जून ते सप्टेंबर केबल नळीत तशीच ठेवली तर गणपतीपर्यंत नळीत खड्डे पडलेले दिसतील. तेव्हा केबल ही लॉकरच्या आतली दुसरी कडी म्हणून घ्यावी, किंवा गावाहून मुंबईला चार दिवस जायचं असेल तेव्हापुरती. ठासणीला केबल लावताच येत नाही, नळीचं मागचं तोंड बंद असतं.

ठासणीबद्दल इथेच थोडं थांबून सांगायला हवं, कारण कोकणातला मोठा धोका या जुन्या वस्तूत आहे आणि तयार कुलूप बनवणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांसमोर ती नसते. बाराबोर मोडली की रिकामी आहे की भरलेली हे लहान मूलही सांगेल. ठासणी बाहेरून दोन्ही वेळेला सारखीच दिसते. शिवाय एकदा ठासली की काढणं जिकिरीचं, म्हणून कित्येक घरांत ती भरूनच टांगलेली असते आणि वर "टोपी काढून ठेवलीय, काय होत नाय" हे ठरलेलं वाक्य. टोपी म्हणजे शर्टाच्या बटणाएवढीही नसलेली वस्तू. ती पोराच्या खिशात असू शकते, मित्राच्या घरी असू शकते. टोपी काढलेली ठासणी ही भरलेलीच बंदूक धरायची.

तपासायची रीत सोपी आहे आणि लॉकरमध्ये ठेवताना दर वेळी करायची आहे. टोपी नाही याची खात्री करा. नळीचं तोंड कुणाकडेही नको, स्वतःच्या तोंडाकडे तर नकोच. गज, म्हणजे ठासायची सळई, आधी नळीच्या बाहेरून, टोपी बसते तिथपासून तोंडापर्यंत लावून पाहा आणि तोंडाशी येईल तिथे खूण करा. मग गज आत सोडा. रिकाम्या नळीत खूण तोंडाशी येऊन टेकते. खूण दोन-तीन इंच वर राहिली तर आत दारू आणि छर्रे आहेत. गजावर ती खूण कानशीने कायमची पाडून ठेवा. रंगाची खूण तेलाने जाते. आत भरलेलं निघालं तर स्क्रू घालून उकरत बसू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून रिकामी करून घ्या. ठासणी फक्त रिकामीच कुलपात जायला हवी. दारू आणि टोप्या एकमेकांपासून आणि बंदुकीपासून वेगळ्या. दारूचा डबा बंदुकीच्या जाड पत्र्याच्या घट्ट लॉकरमध्ये ठेवायचा नाही: कोंडलेल्या जागेत पेटली तर लॉकरचाच बॉम्ब होतो.

आता लॉकर. तयार मिळणाऱ्या डिजिटल तिजोऱ्या हॉटेलच्या खोलीत असतात तशा असतात. उंची बेताची, बंदूक मावत नाही. लांब उभ्या मिळतात त्यांत कीपॅडच्या बटणांखाली दमट हवा शिरते, सेल गळतात, आणि वर्ष-दीड वर्षात कधीतरी दार उघडत नाही. मग मालक पुढच्या रबरी झाकणाखालची आणीबाणीची किल्ली वापरायला लागतो आणि ती किल्ली तिजोरीच्याच डोक्यावर ठेवतो. बोटाच्या ठशाचं कुलूप तर नारळ सोलणाऱ्या, बोंडूच्या रसाने बोटं काळी झालेल्या माणसाच्या नशिबी नाहीच. चार वेळा नाकारलं की पाचव्या वेळी माणूस दार उघडंच ठेवतो. शिवाय कारखान्यातून आलेला कोड बदलायचा असतो, हे सांगायला दुकानदार विसरतो. बदलला तरी मोटारसायकलचा नंबर किंवा पोराचीच जन्मतारीख! या गटाला पाचपैकी दोन गुण, तेही कोरड्या खोलीत.

सगळ्यांत खरा उतरतो तो गावच्या वेल्डिंगवाल्याकडून मापाने करून घेतलेला लॉकर, पण काम नीट सांगितलं तरच. सांगायचं ते असं. पत्रा २ मिलिमीटर, म्हणजे १४ गेजच्या आसपास. कपाटाचा पत्रा ०.८ ते ०.९ मिलिमीटरचा असतो, तो कोयत्याच्या टोकाने उचकटतो. ठासणी असेल तर आधी तिची लांबी टेपने मोजा, १३०० ते १५०० मिलिमीटरपर्यंत काहीही निघेल, आणि आतली उंची त्याहून ५० मिलिमीटर जास्त धरा. १५५० बाय २५० बाय २०० चा लॉकर २ मिलिमीटर पत्र्यात नुसता २४ किलोच्या आसपास भरतो, चौकट आणि बिजागऱ्या धरून तिशीच्या घरात. बाराबोरला इतका उंच लॉकर लागत नाही. पुढची लाकडी पकड काढली की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात, आणि ८५० मिलिमीटरच्या लॉकरमध्ये दोन्ही आडवे मावतात. सुटी केलेली बंदूक जोडायला जाणत्यालाही थोडा वेळ लागतो, नवख्याला जास्त. नळ्या एका लॉकरमध्ये आणि दस्ता दुसऱ्या खोलीत ठेवला तर याहून चांगलं कुलूप विकत मिळणार नाही, आणि ते फुकट आहे.

बिजागऱ्या आतून घ्या. बाहेर असतील तर पिन ठोकून काढता येते, म्हणून दाराच्या मागच्या कडेला आतून एक पट्टी वेल्ड करून घ्या, जी बंद दारात चौकटीमागे अडकेल. दार आणि चौकट यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. पैसे देण्याआधी ३ मिलिमीटर जाडीची पट्टी आत जाते का पाहा, जात असेल तर काम परत. कडी-कोयंडा स्क्रूने लावून देणारे बरेच भेटतात. बाहेरून दिसणारा स्क्रू म्हणजे उघडं दार. तो वेल्डच हवा. आतल्या कुलपाला किमान सहा लिव्हर आणि वर पितळी अंगाचं ५० मिलिमीटरचं टाळं. लोखंडी अंगाची टाळी दुसऱ्या पावसाळ्यात जाम होतात, मग त्यावर खोबरेल ओततात, त्यावर धूळ बसते, आणि शेवटी टाळं नुसतं अडकवून ठेवलं जातं.

आणि भिंत. तीसेक किलोचा रिकामा लॉकर दोन पोरं उचलून काजूच्या बागेत नेऊ शकतात, म्हणून तो जखडलेलाच हवा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. काँक्रीटला चालणारा फुगणारा अँकर फास्टनर चिऱ्यात फिरत राहतो आणि आवळताना आजूबाजूचा जांभा पिठासारखा गळतो. एक तर रासायनिक अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का होणारा बोल्ट) वापरा किंवा १२ मिलिमीटरचे बोल्ट भिंतीच्या आरपार घालून पलीकडे १०० बाय १०० बाय ५ मिलिमीटरची प्लेट लावा. दोन बोल्ट पाठीतून, दोन बुडातून, नट लॉकरच्या आत. जुन्या घरात मातीची भिंत असेल तर तिच्या नादी न लागता जोत्याच्या कोपऱ्यात काँक्रीटचा ठोकळा ओतून बोल्ट त्यातच आधी पुरून घ्या.

आतल्या अस्तराबद्दल वेल्डिंगवाले हौसेने स्पंज चिकटवतात. नको. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे स्पंज हा ओला फडकाच. त्याला टेकलेल्या नळीवर आठवड्यात गंजाचा पट्टा उठतो. चामड्याची म्यान त्याहून वाईट. पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून त्याचे दोन टेकू करा. खाली अर्धा किलो सिलिका जेल, नारिंगी रंगाचं; ओलं झालं की हिरवट होतं, मग कढईत मंद आचेवर किंवा भट्टीत १२० अंशांच्या आसपास सुकवून परत घालायचं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात. हा भाग सुरक्षेशी जोडलेलाच आहे. लॉकरमध्ये बंदूक गंजली की मालक म्हणतो, भिंतीवर होती तेव्हा बरी होती. ती परत खुंटीवर जाते आणि लॉकरमध्ये बियाणं भरलं जातं.

काडतुसांचा डबा वेगळा, किल्ली वेगळी, खोली वेगळी. लॉकरच्या आतच छोटा कप्पा करून देतो असं वेल्डिंगवाला म्हणेल. त्याला नाही म्हणा. ७० मिलिमीटरची २५ काडतुसं मावतील असा जाड पत्र्याचा डबा पुरतो. महिन्याला मोजा आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताळा घाला. एक काडतूस कमी भरलं तर "मोजण्यात चूक झाली असेल" म्हणून पुढे जाऊ नका.

इतकं करूनही सगळं फसतं ते किल्लीपाशी. देवघरात गणपतीच्या मागे, तांदळाच्या डब्यात, आजोबांच्या तसबिरीवर, आईच्या कनवटीला. अलाबामातल्या ग्रामीण भागात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही असं म्हणणाऱ्या पालकांपैकी २२ टक्क्यांना. ही पाच ते चौदा वर्षांची मुलं होती. आपल्याकडे गणपतीत आणि शिमग्यात चाकरमान्यांची पोरं येतात, घरात वीस माणसं, आणि गावच्या पोराला मुंबईच्या चुलतभावाला दाखवायला एवढीच एक वस्तू असते. रील काढायची हुक्कीही तेव्हाच येते. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, कंबरेच्या करदोऱ्याला. झोपतानाही. दुसरी किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या नातेवाइकाकडे पाकिटात बंद करून. टाळ्यासोबत आलेल्या तिसऱ्या किल्लीचं काय झालं, ते आजच बघा.

"रात्री डुकरं आली की किल्ली शोधत बसू काय?" हा आक्षेप रास्त आहे. करदोऱ्याची किल्ली, दोन कुलपं आणि दुसऱ्या खोलीतली काडतुसं हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे. डुकरांचा कळप तेवढ्या वेळात भात उकरतोच, पण आधी बॅटरी, फटाका आणि कुत्रा असतोच. आणि डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे घाईने झाडलेली गोळी तशीही अंगाशी येते. उशाशी भरलेली बंदूक ठेवून वाचतात ती दोन मिनिटंच.

कायद्याचं थोडक्यात. एकवीस वर्षांखालच्याला बंदूक बाळगता येत नाही, कलम ९. "जरा धर रे" म्हणून पोराच्या हातात देणं हे बाहेरून साधं वाटतं, पण परवाना कलम १७ खाली निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. छर्ऱ्याच्या एअरगनबद्दल गाफीलपणा जास्त आहे: ०.१७७ इंची आणि २० ज्यूलच्या आतली असली तर परवाना लागत नाही, म्हणून ती सर्रास दहावीच्या पोराच्या हातात माकडं हाकलायला असते. डोळा जायला तेवढी पुरते. तिलाही लॉकरमध्येच जागा करा.

लॉकरला पाचपैकी चार गुण. पाचवा कापला आहे तो पुढच्या कारणासाठी. घरातलं पोर खरोखर बिनसलेलं असेल तर कुठलाच लॉकर पुरा नाही. निकालानंतर खोलीतून बाहेर न येणं, प्रेमभंग, दारू, जगण्यात राम नाही असं बोलणं, नाहीतर कुणाला तरी "बघून घेतो" म्हणून धमकावणं, रात्री शिकारीच्या टोळक्यासोबत फिरणं. अशा वेळी बंदूक घरात नको. कोकणातल्या प्रत्येक परवानाधारकाला हा रस्ता पाठ आहे, निवडणूक आली की बंदुका जमा होतातच. तेच पोलीस ठाणं किंवा परवानाधारक विक्रेता, फक्त या वेळी नोटिशीची वाट न पाहता स्वतःहून. कारण सांगायची लाज वाटत असेल तर "घराचं काम काढलंय" एवढं सांगितलं तरी चालतं. पोराशी बोलायला टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

जमा करताना बंदूक रिकामी आणि पुसलेली हवी, पावसाळ्यात तर तेल जरा सढळ हाताने लावा, कारण तिकडे सिलिका जेल कुणी घालत नाही. काडतुसंही त्याच दिवशी जमा करा, घरी उरलेला डबा पुढच्या भांडणाचं कारण ठरतो. पावतीवर नळीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे का हे तिथेच उभं राहून वाचा. दस्त्यावरची खरचटलेली जागा, घोड्यावरचा डाग यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. परत आणायची तारीख मात्र पोराच्या मनःस्थितीवरून ठरवा, काजूच्या हंगामावरून नको.